आतड्यातला पॉलिप काढल्यानंतरचे १४ दिवस : जखम दिसत नाही, मग जपायचे कशाला?

सह्यवाट (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. १४ महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी) बसवला असून तेव्हापासून ते अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या रोज घेतात. मध्यंतरी थकवा फार जाणवू लागला म्हणून रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ९.२ निघाले. त्यानंतर पुण्यात कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली. मोठ्या आतड्याच्या उजव्या, म्हणजे चढत्या भागात सुमारे २५ मिलिमीटरचा चपटा पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर वाढलेली गाठ) आणि डाव्या बाजूला ६ मिलिमीटरचा एक लहान पॉलिप दिसला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यामुळे त्या दिवशी काहीच काढले नाही. इतकेच नव्हे, तर मोठ्या पॉलिपचा तुकडासुद्धा तपासणीला घेतला नाही, याचे आम्हाला आश्चर्य वाटले. आता दोन आठवड्यांनी दुर्बिणीतूनच दोन्ही पॉलिप काढायचे ठरले आहे.

प्रश्न पुढचा आहे. आमचे घर चिपळूण तालुक्यातल्या एका वाडीत आहे, आणि दुर्बिणीचा दिवस नेमका भाताच्या लावणीच्या तोंडावर येतो. डॉक्टरांनी दोन आठवडे पुण्यातच बहिणीकडे राहायला सांगितले आहे. वडिलांचे म्हणणे असे की पोट फाडलेले नाही, टाके नाहीत, त्याच संध्याकाळी घरी सोडणार, मग विश्रांती कसली घ्यायची? त्यांना पटेल असे उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांनी हे अनुभवले आहे किंवा ज्यांचा हा व्यवसाय आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. नंतर होणारे त्रास कोणते, आणि ते टाळण्यासाठी आधी व नंतर काय करता येते, एवढाच या धाग्याचा विषय ठेवू या.

कातळशिल्प

आपल्या वडिलांचा प्रश्न माझ्या आईने अगदी याच शब्दांत विचारला होता, म्हणून लिहितो. तीन वर्षांपूर्वी तिचा एक देठाचा, मोठ्या जांभळाएवढा पॉलिप काढला. दुसऱ्या दिवशी ती वरण-भात जेवली, तिसऱ्या दिवशी आम्ही तिला गावी सोडून आलो. आठ दिवस सगळे ठीक होते. नवव्या रात्री अडीच वाजता तिला शौचाची घाई झाली. लाईट गेलेली होती, त्यामुळे तिने बॅटरी घेऊन पाहिले, तर भांड्यात मळ नव्हताच. लालभडक रक्त आणि त्यात काळपट गाठी होत्या. पोट जराही दुखत नव्हते. पहाटेपर्यंत आणखी तीन वेळा तसेच झाले आणि चौथ्या वेळी ती दारातच चक्कर येऊन बसली.

तालुक्याच्या ठिकाणी सलाईन लावले, पण तिथे दुर्बीण नव्हती. पावसाने घाटात दरड आल्यामुळे कोल्हापूरला पोहोचायला साडेसात तास लागले. तिथे रक्ताच्या दोन पिशव्या द्याव्या लागल्या, पुन्हा कोलोनोस्कोपी करून देठाच्या बुंध्यावर दोन क्लिपा (जखम आवळून धरणारे बारीक चिमटे) लावल्या आणि रक्त थांबले. आई आज ठणठणीत आहे. त्या रात्रीची एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. डिस्चार्ज कार्डावर 'गरज वाटल्यास संपर्क करावा' एवढेच छापलेले होते. गरज कशाला म्हणायचे आणि ती किती दिवसांपर्यंत उद्भवू शकते, हे आम्हाला कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. शिवाय ती गावी गेल्यावर मेडिकलमधून गुडघेदुखीच्या गोळ्या आणून घेत होती, हे आम्हाला नंतर कळले.

अंतर्वेधी

मी पोटविकारतज्ज्ञ आहे आणि आठवड्यातले चार दिवस हेच काम करतो. येथे रुग्ण माझ्यासमोर नाही, त्यामुळे आपल्या डॉक्टरांनी दिलेल्या सूचनांच्या जागी माझे लिखाण ठेवू नये. त्या सूचनांमागचे कारण मात्र सांगता येईल.

आधी तुकड्याविषयी. २५ मिलिमीटरचा चपटा पॉलिप काढताना आम्ही दुर्बिणीतून बारीक सुई घालून पॉलिपच्या खालच्या थरात निळा रंग मिसळलेले सलाईन सोडतो. त्यामुळे पॉलिप गादी फुगावी तसा वर येतो आणि आतड्याचा स्नायूचा थर खाली, सुरक्षित अंतरावर राहतो. मग तारेचा फास टाकून, करंट देऊन तो तुकड्यातुकड्यांनी काढायचा. मोठ्या आतड्याची भिंत उजव्या बाजूला जेमतेम २ ते ३ मिलिमीटर जाडीची असते. ती निळी गादी हेच तिथे आमचे संरक्षण. आधी तुकडा घेतला तर त्या जागी व्रण धरतो, व्रणामुळे पॉलिप खालच्या थराला चिकटतो आणि नंतर सुईने कितीही सलाईन सोडले तरी तो उचलला जात नाही. म्हणजे ज्यांनी तुकडा घेतला नाही, त्यांनी पुढची गुंतागुंत टाळण्याचे पहिले काम तेव्हाच केले आहे. अशी माणसे आपल्याला लाभली आहेत, याबद्दल निश्चिंत राहा.

आता वडिलांचा प्रश्न. जखम आहे, ती दिसत नाही आणि दुखतही नाही, एवढेच. आतड्याच्या आतल्या अस्तराला कापल्याची किंवा भाजल्याची वेदना कळत नाही, त्याला फक्त ताण कळतो. हातावर २५ मिलिमीटरची भाजल्याची जखम असती, तर वडिलांनी त्या हाताने चिखलात रोपे लावली असती का, असे त्यांना विचारून पाहा. करंटने भाजलेल्या जागेवर खपली धरते. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास ती खपली सुटते, आणि तिच्याखाली एखादी रक्तवाहिनी नीट बंद झालेली नसेल, तर त्या वेळी रक्तस्राव सुरू होतो. म्हणून पहिल्या तीन दिवसांत काही झाले नाही याचा अर्थ धोका टळला असा होत नाही. बहुतेक उशिराचे रक्तस्राव १४ दिवसांच्या आत होतात. क्वचित ३० दिवसांपर्यंतही झालेले आहेत. कातळशिल्प यांच्या मातोश्रींचा नववा दिवस या हिशेबात चपखल बसतो, आणि पोट न दुखणेही.

दुसरा त्रास म्हणजे आतड्याला छिद्र पडणे. हे पुष्कळ कमी वेळा घडते. बहुतेकदा ते काढतानाच लक्षात येते आणि तिथल्या तिथे क्लिपा लावून मिटवता येते. पॉलिप काढल्यावर चांगला डॉक्टर ती निळी जागा पाण्याने धुऊन बराच वेळ न्याहाळत बसतो, तो यासाठीच. निळ्या पार्श्वभूमीवर मधोमध पांढरट गोल चकती दिसली, तर स्नायूचा थर कापला गेल्याची ती खूण असते. काढलेल्या तुकड्याच्या खालच्या बाजूलाही तशीच चकती दिसते. तेवढ्यावर ओळखून क्लिपा लावल्या तर शस्त्रक्रिया टळते. उशिरा पडणाऱ्या छिद्रात मात्र वाढत जाणारी पोटदुखी, फळीसारखे कडक झालेले पोट, ताप, कधी खांद्याच्या टोकाला कळ, अशी लक्षणे काही तासांत किंवा दिवसांत दिसतात. तेव्हा घरी थांबायचे नसते.

तिसरा प्रकार लोकांना ठाऊक नसतो. करंटची उष्णता भिंतीच्या बाहेरच्या थरापर्यंत पोहोचते, पण छिद्र पडत नाही. बारा-चोवीस तासांनी, कधी चार-पाच दिवसांनी, एकाच जागी दुखते, ताप येतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात. सीटी स्कॅनमध्ये आतड्याबाहेर हवा दिसली नाही, तर उपाशी ठेवून, सलाईन आणि प्रतिजैविके देऊन बहुतेकांना बरे करता येते. स्कॅन न करता घाईने पोट उघडण्याची किंवा उलट 'गॅस असेल' म्हणून घरी पाठवण्याची चूक इथे होते.

मेडिकलमधल्या दुखीच्या गोळ्यांमुळेच मातोश्रींना रक्तस्राव झाला, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्याबाबतचा पुरावा तेवढा पक्का नाही. पण जो रुग्ण आधीच अ‍ॅस्पिरिन घेतो आहे, त्याने त्यावर आणखी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. दुखलेच तर पॅरासिटामॉल घ्यावी, आणि पॅरासिटामॉलने न थांबणारे पोटदुखणे हे गोळी बदलण्याचे नव्हे तर फोन करण्याचे कारण समजावे.

हिशेबनीस

डॉक्टरसाहेब, दोन शंका आहेत. आमच्या शेजाऱ्यांनी अशाच प्रसंगी अ‍ॅस्पिरिन आणि दुसरी गोळी अशा दोन्ही आठवडाभर बंद केल्या होत्या, आणि त्यांना काही झाले नाही. मग सह्यवाट यांनीही सरळ तसेच का करू नये? दुसरे असे की मागच्या वर्षी माझ्या बिलात सहा क्लिपांचे पैसे लावले होते आणि एकेक क्लिप काही हजारांची होती. या क्लिपा खरोखर लागतात की बिल फुगवायला लावतात? क्लिपा लावून धोका टळत असेल, तर प्रत्येकालाच का लावत नाहीत?

अंतर्वेधी

पहिल्या शंकेचे उत्तर कडक शब्दांत देतो. स्टेंट असलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने दोन्ही गोळ्या कधीही बंद करू नयेत. आतड्यातून रक्त आले तर ते दिसते, आम्हाला पुन्हा दुर्बीण घालून थांबवता येते. स्टेंट गुठळीने बंद झाला तर तेवढी सवड मिळत नाही. युरोप व ब्रिटनमधील तज्ज्ञ संस्थांच्या २०२१ सालच्या संयुक्त मार्गदर्शनानुसार अ‍ॅस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. मोठा पॉलिप काढायचा असेल तर क्लोपिडोग्रेल ७ दिवस आधी थांबवतात, काही ठिकाणी ५ ते ७ दिवस धरतात, आणि पॉलिप काढल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा सुरू करतात. पण हे केव्हा, तर हृदयरोगतज्ज्ञाने 'थांबवायला हरकत नाही' असे लिहून दिल्यावर. स्टेंट नुकताच बसवलेला असेल, तर पॉलिपनेच थांबायचे असते. तो वर्षानुवर्षे वाढलेला असतो, काही महिन्यांनी फारसे बिघडत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिन या गोळीचा हिशेब वेगळा आहे. ती ५ दिवस आधी थांबवून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) १.५ च्या खाली आल्याची खात्री करतात आणि बहुधा त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू करतात. धातूची झडप असलेल्या काही रुग्णांना मधल्या काळात हेपॅरिनची इंजेक्शने लागतात. अ‍ॅपिक्साबॅन किंवा रिव्हरॉक्साबॅन या त्याच कामाच्या नव्या गोळ्यांचा शेवटचा डोस ३ दिवस आधी घेतात आणि २ ते ३ दिवसांनी पुन्हा चालू करतात. त्यांच्यासारखीच डॅबिगॅट्रान घेणाऱ्याचे मूत्रपिंड अशक्त असेल तर आणखी लवकर थांबवावे लागते. हे आकडे पाठ करण्यासाठी दिलेले नाहीत. दोन डॉक्टरांचे एकमेकांशी बोलणे झाले आहे का, आणि गोळी पुन्हा सुरू करण्याची तारीख कार्डावर लिहिली आहे का, हे आपण पाहावे. थांबवायला सांगितलेले लोकांच्या लक्षात राहते. सुरू करायचे राहून गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

क्लिपांविषयी आपला संशय निम्मा बरोबर आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, उत्तर अमेरिका आणि स्पेनमधील रुग्णालयांत झालेल्या चाचणीत २० मिलिमीटर किंवा त्याहून मोठे, देठ नसलेले पॉलिप काढल्यावर काही रुग्णांची जखम क्लिपांनी मिटवली आणि काहींची तशीच ठेवली. उशिराचा रक्तस्राव क्लिपा लावलेल्यांत ३.५ टक्के, न लावलेल्यांत ७.१ टक्के झाला. पण फायदा सगळा उजव्या बाजूच्या पॉलिपांत होता. तिथे तो ९.६ वरून ३.३ टक्क्यांवर आला. डाव्या बाजूला काही फरक पडला नाही. म्हणून सह्यवाट यांच्या वडिलांच्या मोठ्या पॉलिपला क्लिपा लावणे योग्य, आणि ६ मिलिमीटरच्या पॉलिपला लावलेल्या क्लिपेचे कारण विचारणेही तितकेच योग्य.

त्या लहान पॉलिपबद्दल एक सांगायचे राहिले. १० मिलिमीटरपेक्षा लहान पॉलिप करंट न देता, नुसत्या बारीक तारेच्या फासाने कापणे आता रूढ झाले आहे. तैवानमध्ये ४,२७० जणांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उशिराचा रक्तस्राव करंटविना कापलेल्यांत ०.४ टक्के, तर करंटने कापलेल्यांत १.५ टक्के होता. करंट नसला की कापताना थोडे रक्त झिरपते आणि दोन-चार मिनिटांत आपोआप थांबते. खोलवर भाजणे नाही, मोठी खपली नाही, त्यामुळे नवव्या दिवशी सुटायलाही काही नाही. आम्ही शिकलो तेव्हा करंट हीच सुरक्षितता मानली जाई. न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या यांनी १९६९ साली तारेचा फास आणि करंट वापरून पोट न उघडता पॉलिप काढायला सुरुवात केली, तेव्हापासून ती पक्की समजूत होती. लहान पॉलिपांपुरती तरी ती आता मागे पडली आहे.

मातोश्रींचा पॉलिप देठाचा होता. अशा पॉलिपचे डोके २० मिलिमीटर किंवा देठ १० मिलिमीटरहून जाड असेल, तर कापण्याआधीच देठात पातळ केलेले अ‍ॅड्रेनॅलिन टोचतात किंवा देठाला क्लिप अथवा नायलॉनचा फास आवळतात, कारण त्या देठातून बऱ्यापैकी जाड रोहिणी गेलेली असते.

निवृत्त सिस्टर

मी २६ वर्षे एंडोस्कोपी विभागात काम केले. डॉक्टरांनी हाताच्या कौशल्याविषयी लिहिले, मी टेबलावर येण्याआधीच्या गोष्टी लिहिते, कारण अर्धी काळजी तिथेच असते.

आतडे साफ नसेल तर चपट्या पॉलिपची कड दिसत नाही, आणि छिद्र पडलेच तर मळ पोटात सांडतो. पावडरचे पाणी अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या दिवशी पहाटे घ्यायचे असते. पहाटे उठायचा कंटाळा म्हणून पुष्कळ जण सगळे रात्रीच पिऊन टाकतात आणि सकाळी उजवी बाजू पुन्हा पिवळ्या चिकट थराने भरलेली सापडते. आपला पॉलिप नेमका उजवीकडे आहे, हे वडिलांना सांगा. शेवटी भांड्यात पडणारे पाणी पिवळसर पण आरपार दिसण्याइतके स्वच्छ हवे. आदल्या दोन-तीन दिवसांत पेरू, टोमॅटो, तीळ, भेंडी अशा बियांच्या वस्तू नकोत. बिया दुर्बिणीच्या नळीत अडकतात. आदल्या दिवशी शहाळ्याचे पाणी, गाळलेले सूप, साखर-मीठ-लिंबाचे पाणी चालते. कोकम सरबत मात्र नको. आमच्याकडे एका काकांनी पहाटेपर्यंत तेच घेतले होते आणि आतले लाल पाणी पाहून सगळ्यांची धावपळ झाली होती. लोहाच्या गोळ्या पाच-सहा दिवस आधी बंद करायला सांगतात, कारण त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो.

करंट वापरायचा असल्यामुळे आणखी दोन गोष्टी. पूर्वी आतडे साफ करायला मॅनिटॉल हा साखरेसारखा पदार्थ पाजत असत. आतड्यातले जंतू ते आंबवून हायड्रोजन वायू तयार करतात. त्यात ठिणगी पडली तर काय होते, हे फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९७९ साली लिहून ठेवले आहे. तो रुग्ण वाचला नाही. म्हणून करंट द्यायचा असेल तिथे मॅनिटॉल वापरत नाहीत. दुसरे म्हणजे पेसमेकर किंवा हृदयाला झटका देणारे यंत्र बसवलेले असेल, तर ते आधी सांगा. झटक्याचे यंत्र त्या वेळेपुरते थांबवावे लागते, आणि करंट परत नेणारी, मांडीवर चिकटवायची पट्टी कुठे लावायची तेही त्यावर ठरते. फॉर्मवर रकाना असतो, पण घाईत सही करताना नातेवाईक तो कोराच सोडतात.

मधुमेह असेल तर डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा नावांच्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात. उपाशी राहिल्यावर त्यांनी रक्तात आम्ल वाढू शकते, आणि साखर मोजली तर ती फारशी वाढलेलीही दिसत नाही.

आणि हो, दुर्बिणीच्या वेळी आतडे फुगवायला कोणती हवा वापरतात हेही विचारा. साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तर तो लवकर शोषला जातो. पोट तासाभरात खाली बसते आणि नंतर दुखले तर ते गॅसचे की दुसऱ्या कशाचे, हा घोळ कमी होतो.

टेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे सरकारी आरोग्यसेवेकडून ५० ते ७४ वयाच्या सर्वांना दर दोन वर्षांनी मळातले न दिसणारे रक्त तपासण्याचा संच टपालाने येतो. माझ्या तपासणीत दोष निघाला आणि दोन पॉलिप काढले. घरी निघताना हातात छापील पत्रक दिले. त्यात किती रक्त आले तर काळजी नको, किती आले तर फोन आणि किती आले तर थेट तातडीच्या विभागात, हे वेगवेगळे लिहिलेले होते. पुसताना कागदाला लागलेला लाल डाग एक-दोन दिवस चालतो. चमच्या-दोन चमच्यांहून जास्त, गाठीसह किंवा पुन्हा पुन्हा आले तर नाही. मी तिसऱ्या आठवड्यात भारतात येणार होतो. त्यांनी तारीख पाहून मगच होकार दिला. विमानाने आतड्याला काही होते म्हणून नव्हे, तर आठ-नऊ तास आकाशात असताना रक्त सुरू झाले तर उपचार मिळणार नाहीत म्हणून. घाटातली दरड आणि आकाशातले विमान यांत मला फारसा फरक दिसत नाही.

पत्रकाची ही पद्धत आपल्याकडेही प्रत्येक ठिकाणी असावी असे वाटते. त्याला यंत्र लागत नाही, एक कागद लागतो.

सोनचाफा

आमच्याकडे दुर्बिणीनंतर त्रिफळा आणि रोज रात्री एरंडेल देतात, त्याने आतडे लवकर भरून येते. हळदीचे दूधही उत्तम.

अंतर्वेधी

सोनचाफा, जेवणातल्या हळदीला हरकत नाही. एरंडेल आणि इतर तीव्र रेचके मात्र या दोन आठवड्यांत देऊ नयेत, कारण आतड्याची जोरदार हालचाल करायला लावणे हे ताज्या खपलीच्या हिताचे नाही. बद्धकोष्ठ होऊन कुंथणेही नको, म्हणून दोन-तीन दिवस मऊ भात, मुगाचे वरण, ताक, नाचणीची पेज घेऊन मग नेहमीचे जेवण सुरू करावे आणि पाणी भरपूर प्यावे. मद्य नको. ओझे उचलणे आणि वाकून करायची अंगमेहनत दोन आठवडे टाळावी, असे आम्ही मोठ्या पॉलिपनंतर सांगतो. भाताची लावणी त्यातच येते. रक्तदाब चढा असेल तर त्याच्या गोळ्या चुकवू नयेत.

सह्यवाट

काल पॉलिप काढले. हृदयरोगतज्ज्ञांच्या लेखी होकारानंतर क्लोपिडोग्रेल सात दिवस थांबवली होती, अ‍ॅस्पिरिन चालू होती. डॉक्टरांनी नंतर संगणकावर छायाचित्रे दाखवली. एका चित्रात निळ्या गादीवर उचललेला पॉलिप आहे. पुढच्यात तो जाऊन फिकट निळी, स्वच्छ, लाटेसारख्या रेषांची जागा उरली आहे. शेवटच्यात त्या जागेच्या दोन्ही कडा जवळ आणून ओळीने लावलेल्या पाच क्लिपा दिसतात. पांढरी चकती कुठे नाही, हे त्यांनी बोट ठेवून दाखवले. लहान पॉलिप करंटविना काढला. वडिलांनी ते चित्र बराच वेळ पाहिले आणि "एवढी मोठी?" एवढेच म्हणाले. पुण्यात थांबायला आता त्यांची तक्रार नाही.

कार्डावर मी तीन गोष्टी लिहून घेतल्या : क्लोपिडोग्रेल सुरू करण्याची तारीख, रात्री उचलला जाणारा फोन क्रमांक, आणि क्लिपांची संख्या. तिसरी कशासाठी, तर क्लिपा गळून पडेपर्यंत एमआरआय करायची वेळ आली तर तिथे सांगावे लागते, असे सिस्टरांनी बजावले.

सह्यवाट

आज आठवा दिवस. सकाळी मळ काळा झाला आहे. पोट दुखत नाही, चक्कर नाही, नाडी ७६ आहे. रुग्णालयाला फोन केला आहे, त्यांनी बोलावले आहे. निघता निघता येथे लिहितो.

अंतर्वेधी

फोन आधी केलात, हे बरोबर केलेत. लोहाच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत का? लोहाने होणारा मळ हिरवट काळा आणि घट्ट असतो, त्याला निराळा वास नसतो. पचलेल्या रक्ताचा मळ डांबरासारखा चकचकीत, चिकट आणि अतिशय दुर्गंधी असतो. तरीही हा फरक घरी बसून ठरवू नका. उजव्या बाजूचा रक्तस्राव नेहमी लालभडकच दिसेल असे नाही, मळात मिसळून तो काळपट तांबडाही येतो. हिमोग्लोबिन तपासून मागच्या आकड्याशी ताडून पाहतील.

सह्यवाट

तपासले. हिमोग्लोबिन ९.६ आहे, म्हणजे घटले नाही. लोहाची गोळी चौथ्या दिवसापासून सुरू होती, आणि ती बहिणीने सुरू केल्याचे मला ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले आणि पुढचे सहा दिवस लोह बंद ठेवायला सांगितले, म्हणजे खरोखर काळे झाले तर कळेल.

कातळशिल्प

वाचून जीव भांड्यात पडला. आमच्या आईलाही लोह चालू होते, आणि आदल्या दोन दिवसांतल्या काळ्या रंगाकडे आम्ही त्याचमुळे दुर्लक्ष केले होते का, असे आज पहिल्यांदाच मनात आले.

सह्यवाट

काल सतरावा दिवस होता. वडील गावी पोहोचले. लावणी वाडीतल्या लोकांनी आटोपली होती; यांनी बांधावरून फेरी मारली आणि दोन ओळी वाकड्या असल्याचे सांगितले. तपासणीच्या अहवालात मोठा पॉलिप कर्करोगपूर्व गाठीचा, पण कर्करोग नसलेला निघाला. तो तुकड्यांत काढला असल्यामुळे सहा महिन्यांनी त्या जागी काही उरले आहे का ते पाहायला पुन्हा कोलोनोस्कोपी करायची आहे. म्हणजे जानेवारीत. त्या वेळी गोळ्या थांबवायच्या की नाहीत, हे आता डिसेंबरातच हृदयरोगतज्ज्ञांना विचारणार आहे. आणि कोकम हंगामात कितीही झाले तरी त्या आठवड्यात बाटली बहिणीकडेच राहील.